हजेरीवहीतली झोप

३ एप्रिल
डॉक्टरांची खोली, दुसरा मजला

माझ्या वीस रेसिडेंट सहकाऱ्यांनो,

झोपेबद्दल लिहितेय, म्हणून आधी बसून घ्या. उभ्यानं वाचलंत तर डोळा लागेल. आपलं सगळ्यांचं एकच जुनं दुखणं आहे आणि ते आपण एकमेकांना फक्त जांभईतून सांगतो. आपण तीस-तीस तास वॉर्डात उभे असतो आणि हजेरीवहीत त्याच वेळी घरी झोपलेले असतो. सगळं सुरळीत चाललं तर कोणी वही उघडत नाही. चूक झाली की उघडतात, आणि वही साक्ष देते: हा तर बारा तास झोपून आला होता! मग ती चूक त्याच्या एकट्याची. आपल्या पायांची, डोळ्यांची, कामाच्या पद्धतीची नाही.

गेल्या महिन्यात आपल्यातला एक जण असाच एकटा पडला. त्याच्यावरून माझी आणि माझ्या मामांची जी पत्रं झाली, ती खाली जोडते. मामा निवृत्त डॉक्टर, याच इस्पितळात होते. कानांनी अधू झाल्यापासून फोन घेत नाहीत. अर्धवट ऐकून निदान करणं त्यांना मान्य नाही. घरातलं असं बाहेर मांडू का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सगळं दाखव. माझं शुद्धलेखनसुद्धा सुधारू नकोस."

वाचा. मग शेवटी मला एक गोष्ट मागायची आहे.

*

६ मार्च

मामा,

नमस्कार. साष्टांग घालत नाही. आत्ता जमिनीला टेकले तर उठणार नाही.

जिराफ आठवतो? माझ्याबरोबर शिकणारा, दारातून वाकून येणारा. मागच्या सुट्टीत तुमच्या पंख्याला डोकं आपटून घेतलं होतं आणि वर पंख्यालाच "सॉरी" म्हणाला होता. त्याच्या हातून माणूस गेला.

सरळ सांगते. पुरुषांच्या वॉर्डात चौदा नंबरवर एक ट्रकचालक होता, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेला. पंधरावर एक शिंपीकाका. पोटातल्या व्रणातून रक्तस्राव झालेला, दोन दिवसांपूर्वीच थांबलेला. चौदा नंबर खिडकीला लागून आहे. ३ तारखेला सकाळी अकरा वाजता शिंपीकाका म्हणाले, "जरा उजेडात बसू द्या हो, सवय आहे." ट्रकचालक म्हणाला, "घ्या काका, मी जन्मभर काचेतूनच बघत आलोय." दोघांनी बेड बदलले. सकाळच्या सिस्टरनी आपल्या कागदावर नोंद केली. जिराफ तेव्हा खाली अपघात विभागात होता.

एक वाजता तो वर आला आणि त्यानं राउंडच्या कागदावर लिहिलं: चौदा, रक्त पातळ करायचं इंजेक्शन. नाव नाही. आमच्याकडे माणसाला नंबरानंच हाक मारतात. दुपारच्या सिस्टर नुकत्याच पाळीवर आल्या होत्या. त्यांच्यासाठी चौदा म्हणजे चौदा; इंजेक्शन शिंपीकाकांना गेलं. चार वाजता शिंपीकाकांना रक्ताची उलटी झाली. जिराफ त्या रक्तात गुडघे टेकून त्यांना रक्त चढवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

जिराफ आदल्या दिवशी पहाटे सहापासून कामावर होता. एकतीस तास, मामा. दोघे आजारी, बदली कोणी नाही.

३० तारखेला चौकशी आहे. हजेरीवहीत तो संध्याकाळी आठला घरी गेला आणि सकाळी आठला परत आला असं आहे. म्हणजे ताजातवाना माणूस, शुद्ध हलगर्जीपणा. त्याचा परवाना कायमचा जाईल. आमचे मोठे सर तुमचे विद्यार्थी, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. त्यांना दोन ओळी लिहा. एवढंच मागणं.

तुमची,
फटाकडी

*

११ मार्च

फटाकडे,

तुझं पत्र तीनदा वाचलं, पण मला त्यात नाडी सापडेना.

एकतीस तास! मी अठ्ठेचाळीस तास उभा राहिलोय. आमच्या वेळी घड्याळाकडे बघणाऱ्याला आम्ही कारकून म्हणायचो. रोग्याचा ताप पाळी बदलली म्हणून उतरत नाही, तेव्हा डॉक्टरनेही पाळी संपली म्हणून डोळे मिटू नयेत. आणि थकलेल्या माणसालाही एक वाक्य बोलता येतं: "काका, तुमचं नाव काय?" चार शब्द. त्याला शक्ती लागत नाही, आदर लागतो. तुमच्या पिढीनं माणसाचा नंबर केलात आणि आता नंबर बदलला म्हणून रडता.

आता मुद्द्याचं. चाळीस वर्षांत "माझ्या एका मित्राला असा असा त्रास आहे" म्हणत आलेले शेकडो लोक मी तपासले. मित्र कधी वेगळा निघाला नाही. शिंपीकाका काय म्हणाले, ट्रकवाला काय म्हणाला, हे तुला इतकं शब्दन् शब्द कसं माहीत? खरं सांग, तो जिराफ तूच आहेस का? असशील तर कोणाची शिफारस मागू नकोस. ताठ उभी राहा आणि "माझी चूक" म्हण. तुझ्या आईला मी सांभाळीन.

मोठ्या सरांना मी लिहिणार नाही. आणि हजेरीवहीच्या भानगडीत पडू नकोस. वही ही कचेरीची बाब आहे, औषधाची नाही.

मामा

*

१४ मार्च

मामा,

तुमचं पत्र वाचून इतका संताप आला की आधीची दोन उत्तरं फाडली. हे तिसरं आहे, जपून वाचा.

जिराफ मी नाही. शब्दन् शब्द माहीत आहे कारण शिंपीकाकांची उशी मीच एका बेडवरून दुसऱ्या बेडवर ठेवली. उशीखाली त्यांची मोजपट्टी होती. म्हणाले, "राहू द्या, हातात काही नसलं की चैन पडत नाही." बेड बदललेले मला ठाऊक होते. जिराफला सांगायचं माझ्या डोक्यात होतं. पण मीही सव्वीसाव्या तासाला होते, आणि डोक्यातली गोष्ट तोंडापर्यंत आली नाही.

पण तुम्हाला आलेला वास बरोबर आहे. मी काहीतरी लपवलं होतं.

हजेरीवहीतलं अक्षर माझं आहे.

आमच्याकडे त्याला "पेरणी" म्हणतात. दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी सगळे डॉक्टरांच्या खोलीत जमतो. ज्याचं अक्षर चांगलं, तो अख्ख्या महिन्याची वही एका बैठकीत भरतो. आला आठ, गेला आठ, साप्ताहिक सुट्टी, सगळं नियमाबरहुकूम. मग चहा येतो आणि बाकीचे रांगेनं सह्या करतात. हसत करतात, मामा. "मला रविवारी जरा जास्त झोपव गं," असं म्हणत करतात. चौदा महिने पेरणी माझ्याकडे आहे. २ मार्चला जिराफ घरी जाऊन झोपेल, हे मी १ मार्चला लिहून ठेवलं होतं. तो झोपायच्या आदल्या दिवशीच मी त्याची झोप उरकून टाकली होती.

परवा मोठ्या सरांनी बोलावलं. आवाज अगदी मऊ. म्हणाले, "तुला काही विशेष करायचं नाही. अक्षर माझं आणि नोंदी बरोबर, एवढंच म्हणायचं. शेवटच्या परीक्षेच्या अर्जावर माझी सही लागते, ती मी आनंदानं करीन."  नाहीतर काय, हे सांगायची गरजच नव्हती.

आणि आणखी एक. शिंपीकाकांची मुलगी त्यांचा चष्मा न्यायला आली होती. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "त्या डॉक्टरांची झोप झाली होती का हो?"

मी म्हणाले, "वहीत तसं आहे."

मामा, ताठ उभं राहायला सांगितलंत ना? तर आता सांगा. ३० तारखेला मी काय म्हणू?

फटाकडी

*

२३ मार्च

फटाकडे,

उत्तराला उशीर झाला. प्रकृती ठीक आहे.

विचारतील तेवढंच बोल. अक्षर माझं म्हण. नोंदींबद्दल "नियमाप्रमाणे भरल्या" म्हण, ते खोटं नाही. आधी पदवी हातात घे. बाहेर फेकलेल्या माणसाला आतलं काही बदलता येत नाही. तुझा मित्र तरुण आहे, दुसरं काही करील.

जुनी कागदपत्रं उकरत बसू नकोस.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

मामा

*

२५ मार्च

मामा,

पत्र फाडलं नाही. तुमची दोन पत्रं शेजारी ठेवून बघतेय. एकात सिंह आहे, दुसऱ्यात त्याचा वकील. "दुसरं काही करील"? तुम्हीच का हे लिहिलंत, अशी मला खरंच शंका आली आणि मी अक्षर ताडून पाहिलं. तुमचंच होतं. उभी रेघ डावीकडे कललेली, आणि पाकिटावरच्या पत्त्यात आठ हा आकडा लिहिताना शेवटचा फटकारा खालच्या ओळीपर्यंत नेलेला.

काल जेवणाच्या सुट्टीत मी तळघरातल्या दप्तरखान्यात गेले. तुम्ही उकरू नकोस म्हणालात, म्हणून तर गेले. पेरणी माझ्या आधीपासून आहे, एवढं दाखवता आलं तरी जिराफला उपयोग होईल असं वाटलं. मागे मागे जात राहिले. दर दोन-तीन वर्षांनी अक्षर बदलतं, नोंदी त्याच. आठ ते आठ. शेवटी सव्वीस वर्षांपूर्वीची वही हाती आली. तिच्या आधीच्या वहीत वेळा खऱ्या आहेत: कोणी सव्वासहाला आलंय, कोणी चाळीस तासांनी गेलंय. आणि या वहीपासून एकाएकी सगळा महिना आठ ते आठ. एकाच शाईत.

प्रत्येक आठाचा फटकारा खालच्या ओळीपर्यंत गेलाय, मामा.

मी तिथेच फायलींच्या गठ्ठ्यावर बसले. लहानपणी माझ्या वाढदिवसाच्या पत्रावर तोच आठ होता: "८ वर्षांच्या डॉक्टरीणबाईंना."

संध्याकाळी जिराफच्या खोलीवर डबा घेऊन गेले. इतका उंच माणूस, पण भिंतीला टेकून असा बसला होता की कोपऱ्यात मावला होता. मी त्याला वहीबद्दल सांगितलं.  तो म्हणाला, "नाव मी विचारायला हवं होतं. तेवढं माझं आहे, ते मी कोणाला देणार नाही. पण एकतीस तास माझे नाहीत. ते ज्याचे त्यानं घेऊन जावेत."

ज्याचे त्यानं. मी उत्तराची वाट बघतेय.

तुमच्या बहिणीची मुलगी

*

२७ मार्च

फटाकडे,

सही बदललीस. बरोबर केलंस.

त्या वर्षी कामाच्या तासांचा नियम आला. तपासणी व्हायची होती. आम्ही जेमतेम सहा जण. खऱ्या वेळा दाखवल्या असत्या तर दोन वॉर्ड बंद केले असते, आणि आजूबाजूला दुसरं इस्पितळ नव्हतं. मी म्हणालो, नवे डॉक्टर येईपर्यंत एक महिना असं करू. भाषण चांगलं झालं माझं. पाचही जणांनी टाळ्या वाजवून सह्या केल्या. तपासणी करणारे खूश होऊन गेले. जिथं सगळे पोटभर झोपताहेत तिथं जादा डॉक्टर कशाला? म्हणून नवे कधी आलेच नाहीत. त्या एका महिन्याला सव्वीस वर्षं झाली. वॉर्ड उघडे ठेवायला मी खोटं लिहिलं आणि त्या खोट्यानंच तुमची सुटका बंद केली.

हे तुला आधीच सांगता आलं असतं. न सांगण्याचं कारण वेगळं आहे.

मी तुला लिहिलं होतं, थकलेल्या माणसालाही नाव विचारता येतं. मी स्वतः एकदा विचारलं नाही. एका बाळंतिणीला दुसऱ्या गटाचं रक्त दिलं गेलं. बाटली मी हातात दिली, नाव न वाचता. माझा चाळीसावा तास होता. बाई तिसऱ्या दिवशी गेली. चौकशी झाली तेव्हा वही उघडली. वहीत मी झोपून आलेलो. म्हणून मला कोणी काही विचारलंच नाही. ज्या सिस्टरनी ती बाटली टांगली, त्यांना कामावरून काढलं. त्या टेबलापलीकडे उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी वहीकडे बघत होतो.

त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. खरं म्हणजे, मी माहीत करून घेतलं नाही.

त्यानंतर नाव विचारायचं मी इतकं स्तोम माजवलं की विद्यार्थी माझी नक्कल करायचे. तुझा मोठा सर सगळ्यात चांगली करायचा. तुला झापताना मी स्वतःवरच ओरडत होतो. आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला नेहमी मोठ्यानं ओरडावं लागतं.

तुला काय म्हणावं हे सांगायचा अधिकार मी गमावलाय. मी काय करणार तेवढं कळवतो. ३० तारखेला सकाळच्या गाडीनं येतोय. समिती माझ्या डाव्या बाजूला येईल असं मला बसव. त्या कानानं थोडं ऐकू येतं.

मामा

*

सहकाऱ्यांनो, चौकशीच्या खोलीत त्या दिवशी काय झालं ते तुमच्यातल्या अनेकांनी दाराच्या काचेतून पाहिलं. ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते.

अध्यक्षांनी मला वही दाखवली. मी म्हणाले, "अक्षर माझं. नोंदी खोट्या. जिराफ एकतीस तास कामावर होता आणि बेड बदलल्याचं मला माहीत असून मी त्याला सांगितलं नाही." मोठे सर चष्मा पुसू लागले. मग मामा काठी टेकत उठले. अध्यक्षांनी त्यांना काहीतरी विचारलं, मग मोठ्यानं म्हणाले, "तुम्हाला प्रश्न ऐकू आला का?"

मामा म्हणाले, "नाही. पण उत्तर माझ्याकडे आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. बाळंतीण, बाटली, त्या सिस्टर. शेवटी मोठ्या सरांकडे वळून म्हणाले, "अरे, माझी नक्कल तू फार छान करायचास. पण नेमकी ही करायला नको होतीस."

शिंपीकाकांची मुलगी मागच्या बाकावर बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "ताई, मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्याची झोप झाली नव्हती. एकतीस तास झाले होते."

ती काचेकडे बघत होती. काचेमागे तुम्ही होतात. तिनं विचारलं, "मग आत्ता वरती माझ्यासारख्यांचे जे वडील आहेत, त्यांचं कोण बघतंय? तो कधीचा जागा आहे?"

 मला माहीतच नव्हतं. वही बघून सांगता आलं नसतं.

अध्यक्ष काय म्हणाले तेही ऐका. "एक मुलगी आणि एक म्हातारा म्हणतात म्हणून वही खोटी ठरत नाही. खाली बाकीच्या वीस डॉक्टरांच्या सह्या आहेत, नोंदी बरोबर म्हणून." चौकशी १२ तारखेवर गेली. जिराफ अजून निलंबित आहे. माझ्या परीक्षेच्या अर्जावर सही झालेली नाही. मामा गाडीत बसताना म्हणाले, "त्या सिस्टरचा पत्ता शोधायला लागतो." खिडकीतून हात बराच वेळ बाहेर होता.

तुम्हाला भीती वाटते हे मला माहीत आहे. मला सगळ्यांत जास्त वाटते. तुमच्याही अर्जांवर तीच सही लागते. मोठे सर एका मुलीचा अर्ज अडवू शकतात, एका पोराला निलंबित करू शकतात. वीस जणांना एकदम घरी पाठवलं तर वॉर्डात उभं कोण राहील? आपण किती थोडे आहोत, हीच आपली दैना आहे आणि हेच आपलं बळ. जिराफनं नाव विचारलं नाही, तेवढं त्यानं स्वतःकडे घेतलं. मामांनी सव्वीस वर्षं स्वतःकडे घेतली. चौदा महिने मी घेतले. उरलेल्या सह्या तुमच्या आहेत.

१ तारखेला पेरणी झाली नाही. मी पेन खाली ठेवलं आणि दुसऱ्या कोणी उचललं नाही. तुमच्याबद्दल मला आशा वाटते ती तेवढ्यावरच. एप्रिलचं पान कोरं आहे. १२ तारखेला समिती तेच पान मागणार आहे.

वही डॉक्टरांच्या खोलीत टेबलावर उघडी ठेवली आहे. पेन हरवू नये म्हणून दोऱ्यानं बांधलंय. पहिली ओळ मी भरली आहे: आले, काल सकाळी सहा वाजून दहा मिनिटं; अजून गेलेली नाही.

उद्या सकाळी आठ वाजता या, आणि आपल्या नावापुढे आपल्या हातानं खरी वेळ लिहा.